नव्या शिक्षकांसाठी: दार उघडं ठेवून शिकवायचं कसं

नवीन शिक्षक रुजू झाला की शाळा त्याला हजेरीपट भरायला शिकवते, निकालपत्रक करायला शिकवते, पोर्टलवर माहिती चढवायला शिकवते. रात्री साडेदहाला एखाद्या विद्यार्थिनीचा मेसेज आला तर काय करायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. पहिली दोन वर्षं मी ‘मुलांचा लाडका सर’ होण्याच्या नादात होतो. त्या नादात मुलांना गाडीवरून घरी सोडलं, त्यांच्या भांडणांत मध्यस्थी केली, एकाची डायरी वाचून त्याला सल्लेही दिले. हेतू वाईट नव्हता. पण हेतू कपाळावर लिहिलेला नसतो, लोकांना दिसतं ते वागणं. एका ज्येष्ठ बाईंनी स्टाफरूममध्ये बाजूला घेऊन झापलं तेव्हा कुठे डोळे उघडले.

महाराष्ट्रातल्या शाळा, कनिष्ठ महाविद्यालयं आणि महाविद्यालयांत नव्याने शिकवायला लागलेल्यांसाठी हे लिहितोय. त्या बाईंनी मला एकच कसोटी दिली होती, आणि पुढचं सगळं तिच्याच आधाराने येईल: जे करतोयस ते मुलाच्या आईसमोर, मुख्याध्यापकांसमोर जसंच्या तसं केलं असतंस का? ‘त्यांच्यासमोर बरं दिसलं नसतं’ असं मनात आलं, की तिथेच थांबायचं.

पहिल्या आठवड्यात: वय आणि कागद

सगळ्यात आधी एक आकडा डोक्यात पक्का करा: 18. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012, म्हणजे ज्याला आपण पोक्सो म्हणतो, तो 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे आणि 18 वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती त्याच्या लेखी बालक आहे. मुलगा असो वा मुलगी. आरोपीही पुरुषच असतो असं कायदा मानत नाही, त्यामुळे ‘आम्हा बायकांना काय त्याचं’ हे स्टाफरूममधलं वाक्य चुकीचं आहे. बालकाच्या संमतीला या कायद्यात अर्थ नाही. ‘तिचीही इच्छा होती’ हा बचाव होत नाही.

इथे कनिष्ठ महाविद्यालयातले तरुण शिक्षक हमखास चुकतात. आपण 24 वर्षांचे, समोर बारावीचा वर्ग, मिशा फुटलेली मुलं, सगळे बरोबरीचे वाटतात. ती मुलं सोळा-सतरा वर्षांची असतात. पदवीच्या पहिल्या वर्षातही सतरा पूर्ण केलेली पण अठरा न झालेली मुलं सापडतात. महाविद्यालयात आला म्हणजे सज्ञान झाला, असं नाही.

पोक्सोमध्ये शिक्षकासाठी वेगळी पायरी आहे. शैक्षणिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा कर्मचारीवर्गातल्या माणसाने त्याच संस्थेतल्या बालकावर अत्याचार केला, तर तो गुन्हा ‘गंभीर’ प्रकारात जातो. एरवी लैंगिक हेतूने केलेल्या स्पर्शाला 3 ते 5 वर्षं शिक्षा आहे, कर्मचाऱ्याच्या बाबतीत ती 5 ते 7 वर्षं होते. बलात्काराच्या स्वरूपाच्या अत्याचाराला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 20 वर्षं, आणि पुढे जन्मठेप किंवा मृत्युदंडापर्यंत. कर्मचारी म्हटलं की शिपाई, क्रीडाशिक्षक, तासिका तत्त्वावर येणारे सगळे आले. ‘मी काय, तासिकेवर आहे’ असं म्हणून सुटका नाही.

आता कागद. रुजू होताना पोलीस पडताळणी मागितली तर नाक मुरडू नका. 2020 च्या पोक्सो नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने शिक्षक-शिक्षकेतर, कायम-कंत्राटी अशा सर्वांची ती वेळोवेळी करून घ्यायची असते. खाजगी शाळेत असाल तर 1977 चा खाजगी शाळांतील कर्मचारी सेवाशर्तींचा कायदा आणि त्याखालची 1981 ची नियमावली मागून घ्या. कर्तव्यं आणि आचारसंहिता तिच्यात आहे, आणि नैतिक अधःपतन हे सेवेतून काढण्याचं कारण म्हणून तिच्यातच लिहिलेलं आहे. जिल्हा परिषदेत असाल तर तुमचे वर्तणूक नियम वेगळे, तेही मागा. शाळेत सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीची समिती, आहे का, तिच्यात कोण आहे, तक्रारपेटी कुठे लावली आहे आणि ती कोण उघडतं, हे विचारून ठेवा. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरची घटना घडल्यावर राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने काढलेल्या शासन निर्णयात सीसीटीव्ही, पडताळणी, तक्रारपेटी आणि ही समिती या सगळ्यांवर भर आहे. पेटी लावलेली असते, पण तिची किल्ली कुणाकडे आहे हे विचारलं की बऱ्याच ठिकाणी लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

अंतर: खोली, दार, हाक

एकट्या मुलाला समजावून सांगावं लागतं. गणित अडतं, वक्तृत्वाची तयारी असते, कधी रडत आलेलं पोर असतं. ते टाळता येत नाही आणि टाळूही नये. फक्त ते कुठे आणि कसं, एवढं सांभाळायचं. रिकामा वर्ग, बंद दार, शाळा सुटल्यानंतरची वेळ, या तीन गोष्टी एकत्र येऊ द्यायच्या नाहीत. स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसा, ग्रंथालयात बसा, व्हरांड्यात बाक ओढून बसा. बोलणं दुसऱ्याला ऐकू नाही आलं तरी चालेल, पण तुम्ही दोघं दिसायला हवेत. वर्गातच बसायचं असेल तर दार सताड उघडं, मूल दाराच्या बाजूला आणि तुम्ही आत. त्याला उठून जावंसं वाटलं तर तुमच्या अंगावरून जायला लागू नये.

प्रयोगशाळेच्या आतल्या सामानाच्या खोलीत मुलाला एकटं घेऊन जायचं नाही. क्रीडासाहित्याच्या खोलीचंही तेच. काही आणायचंच असेल तर दोन मुलं पाठवा.

हाकेचंही भान ठेवा. वर्गातल्या एकाच मुलीला लाडाच्या नावाने हाक मारली की बाकीच्या चाळीस जणांनी ते टिपलेलं असतं. कुणाच्या दिसण्यावर, बांध्यावर, रंगावर शेरा नको, कौतुकाचाही नको. ‘आज छान दिसतेस’ यापेक्षा ‘आजचा निबंध छान जमलाय’ म्हणा. आपल्या घरातल्या कटकटी, लग्न जमत नाही, पगार झाला नाही, हे मुलांना ऐकवायचं नाही. मुलं ऐकून घेतात, आणि म्हणूनच सांगायचं नाही. तुमचं दुःख वाहणं हे तेरा वर्षांच्या पोराचं काम नाही.

हात, छडी आणि जीभ

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याच्या कलम 17 नुसार बालकाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येत नाही. केल्यास सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. तो कायदा 6 ते 14 वयोगटासाठी आहे, म्हणून नववीच्या मुलाला हाणायला मोकळे, असा अर्थ कुणी काढू नये. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 75 खाली आपल्या ताब्यातल्या किंवा देखरेखीखालच्या बालकाला मारहाण करून विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना देणं हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि काळजी व संरक्षणासाठी बालकं सोपवलेल्या संस्थेतल्या कर्मचाऱ्याला त्याहूनही जास्त.

उठाबशा, अंगठे धरायला लावणं, उन्हात उभं करणं, दुसऱ्या मुलाकडून चापट मारवणं, मुलाला वर्गासमोर जातीवरून किंवा बापाच्या धंद्यावरून टोमणा मारणं ही ‘शिस्त’ नाही. पालक स्वतःच ‘सर, हाडं आमची, कातडी तुमची’ म्हणत आले तरी हसून नाही म्हणा. तेच पालक उद्या हाताला आलेली सूज दाखवत पोलीस ठाण्यात उभे राहिलेले मी पाहिलेत.

मग स्पर्श करायचाच नाही का? लहान मुलं येऊन बिलगतात, पडतात, गुडघा फुटतो. पहिलीच्या मुलाने कमरेला मिठी मारली तर त्याला झिडकारू नका, डोक्यावर हात ठेवा आणि हलकेच बाजूला करा. रक्त येत असेल तर पुसा. मोठ्या मुलांच्या बाबतीत खांद्याच्या खाली हात जाऊ द्यायचा नाही, आणि खांद्यावरही चारचौघांत, क्षणभर. कबड्डी, योगासनं, नाच, तबला शिकवताना शरीराला हात लावून दुरुस्ती करावी लागते. आधी तोंडाने सांगा, मग स्वतः करून दाखवा, तरीही नाही जमलं तर ‘कोपर जरा वर करतो, चालेल?’ असं विचारून सगळ्यांसमोर. मूल आक्रसलं तर तिथेच सोडा.

यावरचा एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे. कपड्यावरून केलेला स्पर्श पोक्सोच्या कलम 7 मध्ये बसत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो 18 नोव्हेंबर 2021 ला रद्द केला. कातडीला कातडी लागली का हा प्रश्नच नाही, लैंगिक हेतू होता का हा प्रश्न आहे. शिवाय हा कायदा गुन्हेगारी मनोवृत्ती होतीच असं धरून चालतो, ती नव्हती हे आरोपीला सिद्ध करावं लागतं. म्हणून ‘माझ्या मनात तसं काही नव्हतं’ एवढ्यावर विसंबू नका.

फोन

आजकालची निम्मी प्रकरणं इथून सुरू होतात, असं माझं आपलं मत. नियम साधे ठेवा. वर्गाचा गट असेल तर तो पालकांचा, त्यात किमान आणखी एक शिक्षक, आणि संदेश फक्त कामाचे. विद्यार्थ्याशी स्वतंत्र गप्पा नाहीत. तुमच्या खाजगी खात्यावर विद्यार्थ्यांच्या विनंत्या स्वीकारायच्या नाहीत, त्यांच्या खात्यांवर जाऊन फोटोंना बदाम द्यायचे नाहीत. आपोआप पुसले जाणारे संदेश तर बंदच. पुसून टाकावं लागेल असं काही लिहायचंच कशाला?

आता तो साडेदहाचा मेसेज. ‘सर झोपलात का? एक विचारायचं होतं.’ इथे तीन प्रकारची उत्तरं दिली जातात. ‘नाही गं, बोल ना’, हे पहिलं, आणि इथूनच घसरण सुरू होते. दुसरं म्हणजे काहीच उत्तर न देणं. ते सुरक्षित वाटतं, पण मूल खरंच संकटात असेल तर? तिसरं, मी देतो ते: सकाळी सात वाजता, ‘काल तुझा मेसेज आला होता. अभ्यासाचं असेल तर पहिल्या तासाआधी वही घेऊन स्टाफरूममध्ये ये. काही तातडीचं किंवा घरचं असेल तर आईला किंवा वर्गशिक्षिका बाईंना लगेच सांग.’ आणि शाळेत गेल्यावर वर्गशिक्षिकेला तोंडी सांगायचं की असा मेसेज आला होता, मी असं उत्तर दिलं. मेसेज पुसायचा नाही. रात्रीच वाचला आणि त्यात जिवाचं काही असेल, तर मात्र सकाळची वाट न बघता पालकांना फोन करायचा.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर लैंगिक हेतूने बालकाशी वारंवार संपर्क साधणं, प्रत्यक्ष असो वा फोनवरून, हा पोक्सोच्या कलम 11 मध्ये लैंगिक छळ आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

फोटोंचं: स्नेहसंमेलनाचे, सहलीचे फोटो शाळेच्या कॅमेऱ्यावर किंवा शाळेने नेमलेल्या माणसाने काढावेत. स्वतःच्या फोनमध्ये मुलांचे फोटो साठवू नका, स्टेटसला तर मुळीच लावू नका.

आणि एक प्रसंग, जो नव्यांना माहीतच नसतो. मुलाच्या दप्तरात फोन सापडतो, त्यात वर्गातल्याच मुलीचा नको तो व्हिडिओ असतो. घाईघाईने शिक्षक ‘पुरावा म्हणून’ तो स्वतःच्या फोनवर घेतात, मुख्याध्यापकांना पाठवतात, मुख्याध्यापक संस्थाचालकांना पाठवतात. झालं! बालकाचं असं चित्रण जवळ बाळगणं आणि पाठवणं हाच मुळात गुन्हा आहे, तुम्ही त्याच्या प्रती वाढवत सुटलात. फोन बंद करा, दोघांच्या देखत पाकिटात घाला, वेळ लिहा, मुख्याध्यापकांकडे द्या आणि पोलिसांना कळवा. व्हिडिओ कुणालाही दाखवू नका.

पैसे, शिकवण्या, भेटी

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 28 शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला मनाई करतं. ‘फक्त आपल्याच वर्गातली चार मुलं, तीही घरी’ हे तर सगळ्यात वाईट, कारण जो घरी येत नाही त्याचे गुण कापले जातात असं गाव बोलायला लागतं. मुलांना उसने पैसे देऊ नका, घेऊ नका. शिक्षक दिनाला फूल आणि हाताने केलेलं शुभेच्छापत्र घ्या. किमती वस्तू आली तर पालकांना बोलावून परत करा, मुलाच्या हाती देऊन त्याला खजील करू नका.

सहल आणि प्रवास

मुली असतील तर सोबत महिला शिक्षक, प्रत्येकाचं पालकांच्या सहीचं परवानगीपत्र, मुक्कामाच्या खोल्यांची यादी आधीच मुख्याध्यापकांकडे. मुलांच्या खोलीत एकट्याने जायचं नाही. दार वाजवायचं, बाहेर उभं राहून बोलायचं, दोघांनी मिळून हजेरी घ्यायची. स्वतःच्या गाडीवरून एकट्या मुलाला नेणं टाळा. पाऊस कोसळतोय आणि कुणीच न्यायला आलं नाही, असं झालं तर पालकांना फोन, मुख्याध्यापकांना फोन आणि जमल्यास आणखी एकाला सोबत घेऊन. ते फोन गाडी सुरू करण्याआधी.

मूल सांगायला येतं तेव्हा

हे सगळ्यात अवघड, आणि इथे बी.एड.चं ज्ञान फारसं कामाला येत नाही.

असं होतं. तास संपलाय, मुलं गेलीत, एकजण फळा पुसण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळते. डस्टर हातात धरून, तुमच्याकडे न बघता म्हणते, ‘बाई, एक सांगू? पण तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?’

तोंडात येतं ‘नाही गं, सांग’. ते गिळा. हे वचन तुम्हाला पाळता येणार नाही, आणि मोडलंत तर ती पुन्हा कुणावरच विश्वास ठेवणार नाही. असं म्हणा: ‘तू सांग, मी नीट ऐकते. तुला कुणी त्रास देत असेल तर तो थांबवण्यासाठी मला एक-दोन माणसांना सांगावं लागेल. पण वर्गात, मैत्रिणींत, कुणालाही कळणार नाही.’ बहुतेक मुलं यावर गप्प होत नाहीत. थोडा वेळ फळा पुसतात आणि बोलायला लागतात.

मग ऐका. चेहरा शांत ठेवा, ‘अगं बाई!’ करून ओरडू नका. ‘तू तिथे गेलीसच का’, ‘आधी का नाही सांगितलंस’ हे दोन प्रश्न या जन्मात विचारू नका. खोदून तपशील काढणं तुमचं काम नाही, ते प्रशिक्षित लोकांचं आहे. कायदाही तेच बघतो: बालकाचा जबाब शक्यतो महिला पोलीस अधिकाऱ्याने, त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि त्याला पुन्हा पुन्हा न्यायालयात बोलवायचं नसतं. तुम्ही आधीच दहा वेळा वदवून घेतलंत तर पुढे तिचेच शब्द तिच्याविरुद्ध वापरले जातात. शेवटी एवढंच म्हणा: ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही.’

मूल गेल्यावर लगेच लिहा. दैनंदिनीच्या मागच्या पानावर नको, स्वतंत्र कागदावर. ‘अमुक विद्यार्थिनीचा विनयभंग झाल्याचं समजलं’ ही नोंद काही कामाची नाही. तारीख, वेळ, जागा, आणि तिचे शब्द तिच्याच बोलीत: ‘सातवा तास संपल्यावर, 4.50, वर्गात. म्हणाली, “काका माझ्याजवळ झोपायला येतात, मला नाय आवडत.” डोळे पुसत होती.’ तुमचे अंदाज त्यात घालू नका. खाली सही.

आता कळवणं. पोक्सोचं कलम 19 सांगतं की असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, किंवा घडण्याची ज्याला भीती वाटते, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवलंच पाहिजे. मुख्याध्यापकांना सांगून तुमची जबाबदारी संपत नाही, कारण कलमात नाव पोलिसांचं आहे. मुख्याध्यापकांना जरूर सांगा, त्याच दिवशी, लेखी, आवक क्रमांक घेऊन. पण त्यांनी ‘बघू, संस्थेशी बोलतो’ म्हटलं, तर स्वतः पोलिसांना कळवा. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्भावनेने कळवणाऱ्यावर मात्र दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, हेही त्याच कलमात आहे. पोलिसांनी नोंद क्रमांक घालून माहिती लिहून घ्यायची असते आणि तुम्हाला वाचून दाखवायची असते. तो क्रमांक मागा. रात्र असेल, कुणी सापडत नसेल, तर 1098 ही बालकांसाठीची हेल्पलाइन किंवा 112.

‘शाळेचं नाव खराब होईल’ हे वाक्य तुम्हाला ऐकू येणारच. त्यावर दोन निकाल खिशात ठेवा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात, माहीत असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुधा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2022 ला म्हटलं. आणि राजस्थानातल्या एका शिक्षकाविरुद्धचा खटला, मुलीच्या वडिलांशी समेट झाला म्हणून उच्च न्यायालयाने रद्द केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2024 ला पुन्हा उभा केला. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये पालकांना बसवून ‘मिटवून टाकू’ म्हणणाऱ्यांनी हा निकाल आवर्जून वाचावा.

मुलीचं नाव, वर्ग, फोटो, घरचा पत्ता, एवढंच नव्हे तर ओळख पटेल अशी शाळेची माहितीही माध्यमांत देता येत नाही, ते कलम 23 आहे. पत्रकाराचा फोन आला तर ‘मुख्याध्यापकांशी बोला’ आणि फोन ठेवा. स्टाफरूममध्येही नाव घेऊ नका.

मुलाचा जीव जडला तर

चौदा-पंधराव्या वर्षी शिक्षकावर जीव जडणं नवीन नाही. वहीत चिठ्ठी निघते, वाढदिवसाला कविता येते. चेष्टा करू नका, स्टाफरूममध्ये वाचून दाखवू नका, आणि मनातल्या मनात सुखावूही नका. चिठ्ठी फाडायची नाही. वर्गशिक्षक किंवा समुपदेशकाला दाखवायची, तारीख टाकून त्यांच्याकडे ठेवायची. मुलाशी बोलायचं तर त्या दुसऱ्या शिक्षकाच्या उपस्थितीत, थोडक्यात: ‘तुझ्या भावनेचा अपमान करत नाही. मी तुझा शिक्षक आहे, तेवढंच नातं राहील.’ आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गात त्याच्याशी इतरांइतकंच वागायचं. एकदम तुटक वागलात तर मूल वर्गातूनच उठून जातं.

ओढ तुम्हाला वाटत असेल तर? स्पष्ट बोलतो. विचार मनात येणं गुन्हा नाही, पण त्या दिवशी उठून वरिष्ठांना ‘माझा तास त्या वर्गावरून काढा’ म्हणा. कारण सांगायची गरज नाही. ‘ती अठराची होईपर्यंत थांबू’ हा विचार म्हणजे आतापासून वाट तयार करणं आहे.

विद्यार्थी सज्ञान असेल तर

महाविद्यालयात पोक्सो बहुधा लागणार नाही, पण रान मोकळं नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 68 मध्ये, अधिकारपदाचा किंवा विश्वासाच्या नात्याचा गैरवापर करून आपल्या देखरेखीखालच्या स्त्रीला शरीरसंबंधाला भुलवणं हा 5 ते 10 वर्षं शिक्षेचा गुन्हा आहे, तो बलात्कारात मोडत नसला तरीही. बलात्काराच्या शिक्षेच्या कलम 64 मध्ये तर ‘शिक्षक’ हा शब्दच घातलेला आहे, आणि तिथे किमान शिक्षा 10 वर्षांची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2015 च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत तक्रार समिती हवी, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तिच्यात विद्यार्थी प्रतिनिधीही. तक्रार साधारण तीन महिन्यांत करायची असते. पीएच.डी.च्या मार्गदर्शकांनी विशेष जपावं: सही तुमच्या हातात, शिष्यवृत्ती तुमच्या हातात, तिथे समोरच्याचं ‘हो’ किती मोकळं असतं? सज्ञान विद्यार्थ्याशी नातं जुळतंच आहे असं वाटत असेल, तर आधी मूल्यमापन आणि मार्गदर्शन दुसऱ्याकडे लेखी सोपवा, विभागप्रमुखांना कळवा, मग पुढचं.

तक्रार तुमच्यावरच आली तर

खरी असो, गैरसमजातून असो वा खोटी, पहिल्या दिवसाचे नियम तेच. मुलाशी, त्याच्या मित्रांशी, पालकांशी संपर्क करायचा नाही. ‘जाऊन समजावून सांगतो’ म्हणून घरी गेलेल्या शिक्षकावर साक्षीदाराला धमकावल्याचा आणखी एक ठपका बसतो. फोनमधलं काहीही पुसायचं नाही, पुसलेलं सापडतं आणि निष्पापालाही गुन्हेगार दाखवतं. वर्गातल्या मुलांकडून ‘आमचे सर चांगले आहेत’ अशा सह्या गोळा करायच्या नाहीत. संघटनेच्या मंडळींनी मोर्चा काढायचा म्हटलं तर हात जोडून थांबवा. खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला पोक्सोत शिक्षा आहे, बालकाला नाही. त्यामुळे ‘पोरीवरच उलटा गुन्हा दाखल करू’ ही धमकी पोकळ तर आहेच, शिवाय तुमच्याच गळ्याशी येणारी आहे.

फौजदारी काम करणारा वकील गाठा, नात्यातला जमिनीची कामं करणारा नको. चौकशी समितीपुढे जे सांगाल ते लेखी द्या आणि प्रत ठेवा. निलंबन ही शिक्षा नसते, चौकशी निर्वेध व्हावी म्हणून केलेली सोय असते. त्या काळात मुख्यालय सोडण्याचे, हजेरीचे नियम पाळा. आणि इथेच ती आधीची सवय कामी येते: त्या साडेदहाच्या मेसेजचं सकाळचं उत्तर, वर्गशिक्षिकेकडे दिलेली चिठ्ठी, पावसातल्या त्या दिवशी केलेल्या फोनची वेळ. माझ्या एका सहकाऱ्याला तारखा टाकलेल्या दोन ओळींच्या नोंदींनी वाचवलं. दुसऱ्याकडे सांगायला फक्त ‘सगळ्यांना माहितीय मी कसा आहे’ एवढंच होतं, आणि समितीने ते लिहूनही घेतलं नाही.

शाळा सोडून जाण्याआधी तुमच्याकडच्या वह्या, अर्धवट तपासलेल्या उत्तरपत्रिका आणि गुणांची यादी पर्यवेक्षकांकडे लेखी सोपवा. मोजून द्या, आणि पोच घ्या.